क्रेनच्या केबिनमध्ये कोण बसतो? प्रमाणपत्र, जात आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात तरुणांसाठी मार्गदर्शनाचा तास असतो. विषय ठरलेले : स्पर्धा परीक्षा, बँक भरती, शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणी. मागे एका रविवारी सगळे उठून गेल्यावर एक तरुण मागे थांबला. वय तिशीच्या आसपास. तळहातांत वायर रोपचे ग्रीस मुरलेले. म्हणाला, “दादा, ते क्रेन ऑपरेटरचं सर्टिफिकेट कसं काढायचं असतं?”

आठ वर्षे तो हायड्रा क्रेनवर हेल्पर आहे. माल बांधायचा, शॅकल लावायची, खालून हाताने इशारे द्यायचे, माल झुलू नये म्हणून दोरी धरून चालायचे, हे त्याचे काम. ऑपरेटर जेवायला गेला की लिव्हर हाच धरतो. मध्यंतरी काम एका मोठ्या साइटवर लागले. तिथे गेटवरच कागद मागितले : गाडीचा परवाना, ऑपरेटरचे प्रमाणपत्र, डोळ्यांचा रिपोर्ट. ठेकेदाराने आपल्या गावाकडच्या एका मुलाचे कागद चार दिवसांत तयार करून आणले. त्या मुलाला लिव्हर कशी धरायची ते याने शिकवले होते. “मी शिकवलेला पोरगा वर बसला, दादा. मी अजून खालीच.”

माझ्या पिशवीत स्पर्धा परीक्षांची दहा पत्रके होती. याच्या प्रश्नाचे उत्तर एकातही नव्हते. समाजशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला याची लाज वाटली पाहिजे, आणि मला वाटली. मग मी शोधू लागलो. शोधता शोधता लक्षात आले की हा प्रश्न दिसतो कागदाचा, पण तो आहे इतिहासाचा. वर कोण बसणार आणि खाली कोण उभा राहणार, हे कोण ठरवते? आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा?

केबिनमधले ज्ञान किती गूढ आहे?

आधी कामाबद्दल बोलू. कारण ज्या कामात माणसाला शिरू द्यायचे नसते, त्या कामाभोवती नेहमी गूढ उभे केले जाते. “हे येरागबाळ्याचं काम नाही, हातात असावं लागतं,” असे म्हटले जाते.

क्रेनच्या केबिनमध्ये एक तक्ता असतो. त्याला लोड चार्ट म्हणतात. १४ टनांची हायड्रा म्हणजे ती कशीही, कुठेही १४ टन उचलेल, असे नाही. तो आकडा बूम सर्वांत आखूड आणि माल सर्वांत जवळ असतानाचा असतो. बूम जसजशी लांब होते आणि माल जसजसा दूर जातो, तसतशी क्षमता झपाट्याने घटते. यामागचे गणित साधा गुणाकार आहे. २ टन माल कलण्याच्या कडेपासून ३ मीटरवर असेल तर क्रेनला उलटवू पाहणारा जोर ६ चा. तोच माल ६ मीटरवर गेला की १२ चा. माल तेवढाच, पण धोका दुप्पट. हुकाचे आणि स्लिंगचे वजनही मालातच धरायचे असते. दोन पायांच्या स्लिंगने २ टन उचलले आणि ते पाय आडव्या रेषेशी फक्त ३० अंशांचा कोन करत पसरले, तर प्रत्येक पायावर एक टन नव्हे, पुरता २ टनांचा ताण येतो.

त्यात भर म्हणजे जमीन भुसभुशीत आहे का हे पाहणे, जॅकवाल्या क्रेनच्या जॅकखाली प्लेटा टाकणे, विजेच्या तारांपासून अंतर ठेवणे, वाऱ्याचा अंदाज घेणे, हाताच्या ठरलेल्या खुणा ओळखणे. हे सगळे शिकता येते, शिकवता येते आणि तपासता येते. सातवी-आठवीचे गणित, सराव आणि शिस्त एवढे त्याचे भांडवल. माझ्यासमोर बसलेल्या त्या तरुणाला यातले निम्म्याहून जास्त आठ वर्षांच्या अनुभवातून येत होते. त्याला फक्त त्याची नावे येत नव्हती आणि कागद नव्हता.

दुसरी गोष्ट, वर आणि खाली यांतला फरक केवळ पगाराचा नाही. तोल गेला, स्लिंग तुटली, तर माल खालच्या माणसावर पडतो. चूक वरच्याची असू शकते, मरण खालच्याचे असते. म्हणून केबिनच्या त्या दोन-तीन पायऱ्यांना मी सामाजिक पायऱ्या म्हणतो.

बाबासाहेबांनी ठोठावलेली दारे

या पायऱ्या नव्या नाहीत. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खाते हे चांगल्या मजुरीचे खाते होते. अस्पृश्य कामगारांना तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घालताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्याचा स्पर्श चालत नाही, त्याची थुंकी धोट्याला लागलेली कशी चालेल? म्हणजे यंत्र विलायतेचे, कारखाना भांडवलदाराचा, आणि त्या यंत्रावर कोण बसणार हे ठरवणारा कायदा मात्र मनूचा.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. अस्पृश्य कामगारांचा विणकाम खात्यात काम करण्याचा हक्क संपाच्या मागण्यांत घ्या, असा आग्रह त्यांनी पुढाऱ्यांकडे धरला. पुढाऱ्यांनी नाखुशीने तो मान्य केला. मागणी मालकांपुढे गेली तेव्हा मालकांचे उत्तर ऐकण्यासारखे होते : हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही. बाकीचे कामगार बसू देत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?

हे उत्तर लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा दोनदा भेटणार आहे.

दहा वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी बाबासाहेबांनी इथलीच. आपण ती प्रत्येक भाषणात सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामांचा जो हिशेब मांडला, तो आपण सांगत नाही. आपला माणूस गँगमन म्हणून रुळांवर राबतो आणि तिथेच म्हातारा होतो. त्याला पोर्टर म्हणूनसुद्धा घेत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तरच्या घरची कामे करून घेतली जातात आणि मास्तरला तो घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो हमाल म्हणून असतो, मेकॅनिक म्हणून क्वचितच. हा हिशेब हुद्द्यांचा होता. बाबासाहेब तिथे फक्त मजुरी किती हे विचारत नव्हते, ‘कोणत्या पायरीवर’ हे विचारत होते. ‘जातिनिर्मूलन’मध्ये त्यांनी दाखवून दिले होते की जात नुसते काम वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीवर बसवते. मनमाडला त्यांनी त्या उतरंडीची एकेक पायरी मोजून दाखवली.

१९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारला दिले, त्यात परदेशी शिक्षणाच्या आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांबरोबर तांत्रिक प्रशिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, असे त्यांनी सुचवले. एकाच निवेदनात परदेशी विद्यापीठही आहे आणि वर्कशॉपही आहे. कोलंबियाची पदवी घेतलेल्या त्या माणसाला वर्कशॉपची शिकाऊ उमेदवारी कमी प्रतीची वाटली नव्हती. मग आपल्याला का वाटते?

फिलाडेल्फियाची यादी

आता थोडे दूर, अमेरिकेला जाऊ. कारण क्रेनच्या केबिनवरून सर्वांत महत्त्वाची कायदेशीर लढाई तिथे झाली, आणि ती लढणारे लोक आपले जुने नातेवाईक आहेत. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉय यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली होती. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या पोरांनी संघटनेला नाव घेतले तेही ब्लॅक पँथरचे.

अमेरिकेत क्रेन, बुलडोझर अशी अवजड यंत्रे चालवणाऱ्यांना ‘ऑपरेटिंग इंजिनिअर’ म्हणतात. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर भागातली शाखा म्हणजे लोकल ५४२. १९६१ मध्ये या शाखेने बांधकाम कंत्राटदारांच्या संघटनांशी करार केला. करारानुसार ऑपरेटर लागला की कंत्राटदाराने तो युनियनच्या यादीतूनच घ्यायचा, बाहेरून घ्यायचा नाही. आणि यादीत तुमची जागा कुठली, हे तुम्ही अलीकडे किती काम केले आहे यावर ठरणार.

वरवर पाहता यात गोरा-काळा हा शब्दच नाही. पण विचार करा. काम मिळायला यादीत वर नाव पाहिजे, नाव वर जायला अलीकडचा अनुभव पाहिजे आणि अनुभव मिळायला काम पाहिजे. जो आधीपासून बाहेर आहे तो आत येणार कसा? आपल्याकडे ‘अनुभव आहे का?’ या एका प्रश्नात हाच सापळा असतो. शिवाय यादी ज्यांच्या हातात होती ते स्वतःचे नियमही पाळत नव्हते. ओळखीच्या गोऱ्या माणसांना नियम वाकवून काम मिळे, कृष्णवर्णीय ऑपरेटर नियमाप्रमाणे हॉलमध्ये वाट बघत बसे. १९६५ मध्ये युनियन आणि कंत्राटदार यांनी मिळून शिकाऊ उमेदवारीची योजना काढली. ती पूर्ण करणाऱ्याला अनुभवाची अट माफ होती. म्हणजे सापळ्यातून सुटायला एक वाट होती. पण त्या योजनेत कुणाला घ्यायचे, याच्या निवडीतही भेदभाव झाला.

१९७१ मध्ये बारा कृष्णवर्णीय कामगार आणि पेनसिल्व्हेनिया राज्य सरकार न्यायालयात गेले. खटला आला न्यायमूर्ती ए. लिऑन हिगिनबॉथम यांच्यापुढे. ते स्वतः कृष्णवर्णीय होते. १९७४ मध्ये प्रतिवादींनी अर्ज केला : न्यायमूर्तींनी कृष्णवर्णीयांच्या इतिहास संस्थेपुढे भाषण केले आहे, ते निष्पक्ष राहू शकणार नाहीत, त्यांनी खटल्यातून बाजूला व्हावे. हिगिनबॉथम यांनी नकार दिला आणि सविस्तर निकालपत्र लिहून विचारले की गोऱ्या न्यायमूर्तीपुढे कृष्णवर्णीय पक्षकार पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिले, तेव्हा रंगामुळे निष्पक्षता गेली असे कुणी का म्हटले नाही? अत्याचाराच्या प्रकरणात आपल्या समाजाचा तपास अधिकारी आला की जो सूर लागतो, तो ज्यांनी ऐकला आहे त्यांना यातले वेगळे सांगायला नको.

१९७८ मध्ये निकाल लागला. सदस्यत्व देण्यात आणि कामावर पाठवण्यात युनियनने जाणूनबुजून वंशभेद केला, हे सिद्ध झाले. न्यायालयाने कंत्राटदार आणि त्यांच्या संघटनांनाही जबाबदार धरले, कारण ही यादीची व्यवस्था त्यांच्या सहीने उभी राहिली होती.

कंत्राटदार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा बचाव काय होता? आम्ही भेदभाव केलेला नाही. माणसे युनियन पाठवते, आम्ही घेतो. १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी मालकांचे उत्तर जसेच्या तसे! आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. कंत्राटदारांचा स्वतःचा हेतू सिद्ध झालेला नाही, म्हणून १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या कलमाखाली त्यांना जबाबदार धरता येणार नाही, असे बहुमताने ठरले. थरगुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदवले. युनियनचा दोष तसाच राहिला, पण ज्यांच्या कामावर ज्यांच्या क्रेन उभ्या होत्या ते मोकळे झाले.

आज आपल्या नाक्यावरचा ठेकेदार काय म्हणतो? “मी कुठं जात बघतो? उस्ताद ज्याला आणतो त्याला घेतो.” आणि उस्ताद आपल्या भावकीतला, आपल्या गावचा पोरगा आणतो. ठेकेदार निर्दोष, उस्ताद अडाणी आणि कंपनी तर दूरच. दार बंद आहे हे सगळ्यांना दिसते, पण दाराचा मालक कुणीच नसतो. जात शहरात आणि कारखान्यात अशीच जगते. मॅक्स वेबरने याला सामाजिक बंदिस्ती म्हटले. आपल्या आजोबांनी त्याला साधे नाव दिले होते : वशिला.

परीक्षा कुणाची आणि कशासाठी?

मग उपाय काय? दार सार्वजनिक करणे. म्हणजे ‘याला येते की नाही’ हे उस्तादाने न ठरवता सर्वांना खुल्या असलेल्या परीक्षेने ठरवायचे. पण परीक्षा म्हटले की आपल्या मनात संशय येतो, आणि तो रास्त आहे. परीक्षाही दार बंद करायला वापरता येते.

याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त ‘लेबर’ विभागात घेत. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार इतर चार विभागांतल्या सर्वांत कमी पगाराहूनही कमी होता. भेदभाव करायला बंदी करणारा कायदा २ जुलै १९६५ ला लागू झाला. कंपनीने नेमक्या त्याच दिवसापासून इतर विभागांत जाण्यासाठी बुद्धिमापन आणि यांत्रिक कलाच्या चाचण्या लावल्या. माध्यमिक शाळेच्या दाखल्याची अट आधीपासून होतीच. मजा अशी की ही अट येण्यापूर्वी लागलेले गोरे कामगार दाखल्याशिवाय तीच कामे व्यवस्थित करत होते. तेरा कृष्णवर्णीय कामगार लढले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की ज्या चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखवता येत नाही आणि जी एका समाजाला बाहेर ठेवते, ती हेतू काहीही असला तरी चालणार नाही. ग्रिग्ज खटला तो हाच.

म्हणून परीक्षा चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. ती काम मोजते की माणसाचे घराणे मोजते, हा खरा प्रश्न आहे.

या कसोटीवर अमेरिकेतल्या क्रेन प्रमाणपत्राची आजची पद्धत बघा. तिथे १९९५ मध्ये क्रेन ऑपरेटरांच्या प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला. लेखी परीक्षा वेगळी, प्रत्यक्ष क्रेनवरची वेगळी. २०१० मध्ये तिथल्या कामगार सुरक्षा खात्याने बांधकामावरच्या क्रेनसाठी नवे नियम केले आणि १० नोव्हेंबर २०१८ पासून ऑपरेटरला प्रमाणपत्र किंवा परवाना सक्तीचा झाला. प्रमाणपत्र पाच वर्षे चालते. प्रमाणपत्र असले तरी या विशिष्ट क्रेनवर हा माणूस काम करू शकतो का, हे मालकाने स्वतंत्रपणे तपासायचे असते.

पण आपल्या कामाच्या तीन गोष्टी पुढे आहेत. एक, प्रमाणपत्राचा खर्च मालकाने करायचा. दोन, परीक्षा उमेदवाराला कळणाऱ्या भाषेत घेता येते आणि कामापुरते वाचता येत असेल तर तोंडीही घेता येते. तीन, आणि ही सर्वांत मोठी : सुरक्षेबद्दल शंका आली तर काम थांबवण्याचा आणि माल उचलायला नकार देण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे. जाणकार माणसाने खात्री करून दिल्याशिवाय साहेबसुद्धा त्याला ‘उचल’ म्हणू शकत नाही.

नकार देण्याचा अधिकार! महारकी आठवा. वतनदार महाराला दिवस-रात्र कुणीही सरकारी माणूस हाक मारू शकत होता. तो घरी नसला तर बाप, भाऊ, बायको कुणालाही राबवता येत होते. त्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हते. वतनाचा कायदा बदलण्यासाठी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलमध्ये विधेयक आणले तेही १९२८ सालीच. गिरणीतला प्रश्न आणि वतनाचा प्रश्न त्यांनी एकाच वर्षी हाती घेतला, हा मला योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे मुद्दा एकच होता. कौशल्य आणि नकार हे दोन्ही नाकारले की माणसाचा वेठबिगार होतो. दोन्ही मिळाले की तो कामगार होतो.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९४८ चा कारखाना कायदा सांगत होता की क्रेनची आणि साखळ्या-दोरांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून एकदा तरी कसून तपासणी व्हावी. यंत्राच्या तपासणीची मुदत ठरलेली होती. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखाली १९९८ मध्ये केंद्रीय नियम झाले. त्यांनी सांगितले की क्रेन चालवणाऱ्याकडे त्या यंत्राचे पुरेसे कौशल्य आणि प्रशिक्षण असावे, १८ वर्षांखालील कुणाच्या हाती क्रेन देऊ नये आणि त्याला इशारे देण्याच्या कामावरही ठेवू नये. हे दोन्ही कायदे पुढे २०२० च्या संहितेत सामावले गेले.

पण ‘पुरेसे’ म्हणजे किती? ते कोणत्या परीक्षेने सिद्ध करायचे? हे त्या नियमाने ठरवून दिले नाही. मोटार वाहन कायद्याखालचा परवाना क्रेन रस्त्याने नेण्यापुरता, माल उचलण्याची परीक्षा त्यात नाही. या पोकळीत प्रत्येक मोठी साइट आपापले कागद मागते आणि त्या कागदांची बाजारपेठ उभी राहते. ज्याच्यामागे ठेकेदार आहे त्याचे कागद चार दिवसांत होतात.

दुसऱ्या बाजूला २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वशिक्षणाला मान्यता’ असा प्रकार आहे. म्हणजे काम करता करता जे शिकलात, त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचे. बांधकामाच्या यंत्रांसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे आणि १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांचे कलम घातले गेले. हे कलम आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? मलाही नव्हते. विद्यापीठातल्या एका राखीव जागेसाठी आपण मोर्चा काढतो, आणि काढलाच पाहिजे. पण कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांच्या राखीव जागा भरल्या का, हे विचारायला कधी माहिती अधिकाराचा एक अर्ज केला?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आपल्याच घरातून येतो. “बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हा म्हणून सांगितलं आणि तुम्ही पोरांना क्रेनवर बसवता?” माझे उत्तर असे : तो तरुण आज क्रेनखालीच आहे. आपण त्याला कलेक्टर होण्यापासून ओढून केबिनमध्ये बसवत नाही. तो जिथे आठ वर्षे उभा आहे तिथून त्याला एक पायरी वर चढायची आहे आणि आपल्या चळवळीकडे त्याच्यासाठी शिडी नाही. चळवळ फक्त परीक्षा पास होणाऱ्यांची उरली, तर ती दहा टक्क्यांची संघटना होईल. मनमाडच्या मंडपात बसलेले लोक गँगमन होते, हे विसरू नका.

दुसरा आक्षेप विचारी मित्रांचा. “प्रमाणपत्र हेच नवे जानवे. आज हेल्परला निदान लिव्हर धरायला मिळते, उद्या सक्ती झाली तर तेही बंद.” हा धोका खरा आहे आणि ड्यूक पॉवरने तो दाखवूनही दिला. पण कागद नसण्याची आजची किंमत बघा. कागद नसलेला माणूस लिव्हर धरतो तो कुणाच्या तरी मर्जीने. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, “याच्याकडे प्रमाणपत्र होते का?” मग त्याला वर बसवणारा सुटतो आणि हा अडकतो. मर्जीने मिळालेली पायरी मर्जीने जाते. हक्काची पायरी कागदावर असते, म्हणून तर आपण संविधान लिहिलेल्या माणसाचे अनुयायी आहोत.

म्हणून आपल्या मागण्या

सक्ती करायची असेल तर शर्तींसह करा. परीक्षा कामाचीच असावी. प्रत्यक्ष क्रेनवर, लोड चार्टवर आणि खुणांवर घ्यावी. कामाशी संबंध नसलेल्या शालेय दाखल्याची अट लावू नये. ती मराठीत आणि गरज असेल तर तोंडी घ्यावी. खर्च कामगाराच्या माथी नको, तो मालकाने करावा. हेल्पर म्हणून केलेल्या वर्षांची गणना व्हावी आणि तो अनुभव लिहून देणे ठेकेदारावर बंधनकारक असावे. बार्टी आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ यांनी आपल्या प्रशिक्षणांत अवजड यंत्रांचे प्रशिक्षण घ्यावे आणि त्याच्या बाजूला प्रत्यक्ष सरावासाठी क्रेन असावी, नुसता प्रोजेक्टर नको. शिकाऊ उमेदवारीच्या राखीव जागांची आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. आणि ऑपरेटरच्या नकाराच्या अधिकाराला कायद्याचे स्पष्ट संरक्षण असावे.

आणि आपण काय करायचे? तेही सांगतो. आमच्या विहारात आता रविवारी फळ्यावर लोड चार्ट असतो. तो तरुण येतो, त्याच्यासोबत आणखी चार जण येतात. एकाचा अवजड वाहनाचा परवाना निघाला, दोघांनी डोळे तपासून घेतले. एक जण आठवीत शाळा सोडलेला आहे. त्याने परवा ३० अंशांच्या स्लिंगचा ताण बरोबर काढून दाखवला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि तो लाजला. प्रमाणपत्र अजून कुणाच्या हाती नाही. ज्याने प्रश्न विचारला होता त्याचा पूर्वशिक्षणाच्या परीक्षेचा अर्ज गेला आहे, पण ठेकेदार अनुभवाचे पत्र द्यायला टाळाटाळ करतो आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही पाच जण त्याच्याकडे जाणार आहोत. तो काय म्हणेल हे मला माहीत आहे. “मी कुठं जात बघतो?”

या वेळी आमच्याकडे त्याचे उत्तर तयार आहे. तुम्ही जात बघत नसाल, तर मग आठ वर्षांचे काम बघा आणि लिहून द्या.

क्रेनच्या खुणांमध्ये बहुतेक खुणा फक्त नेमलेल्या माणसानेच द्यायच्या असतात. एकच खूण अशी आहे जी साइटवरचा कुणीही, झाडू मारणाराही देऊ शकतो आणि ऑपरेटरला ती मानावीच लागते : थांब. खाली उभ्या असलेल्या माणसाला एवढा अधिकार हे काम आजही देते. आता वर चढण्याचा अधिकार आपण मिळवायचा आहे.

जय भीम!